सचिनचा चार्ट आणि आपल्या पोरांचं नशीब

स्पष्टच लिहितो. पटलं नाही तर खाली भांडा, पण आधी पूर्ण वाचा. पोस्ट लांब आहे.

आपल्या ब्रह्मपुरीत, तसंच वडसा, नागभीड, सिंदेवाहीकडे, मोबाईलवर एक नवं पीक जोरात आलं आहे. रील उघडली की एखाद्या मोठ्या माणसाचा फोटो येतो, मागे गंभीर संगीत वाजतं आणि एक आवाज विचारतो, "सचिन तेंडुलकर एवढा मोठा का झाला? उत्तर त्याच्या चार्टमध्ये आहे." कधी हा चार्ट म्हणजे जन्मपत्रिका असते, कधी मूलांक-भाग्यांक. आणि आता सगळ्यात नवं म्हणजे "ह्यूमन डिझाईन". रंगीत त्रिकोण-चौकोनांची माणसाची आकृती, त्यात ६४ आकडे. शेवटी ठरलेलं वाक्य येतं, "तुमचाही चार्ट जाणून घ्या, मेसेज करा."

लोक मेसेज करतात. पैसे भरतात. आणि मग पोराचा चार्ट काढून आणतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मोठ्या माणसाचं आयुष्य चार्टवरून समजावून सांगायचं म्हणजे त्याची मेहनत, घरच्यांनी केलेला त्याग आणि त्याला मिळालेली संधी या तिन्ही गोष्टी हिशेबातून काढून टाकायच्या. मग तोच हिशेब आपल्या पोरांना लावला की त्यांच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून ही निरुपद्रवी करमणूक आहे असं मला वाटत नाही.

आता एकेक मुद्दा घेऊ.

हे ह्यूमन डिझाईन आहे तरी काय?

नाव इंग्रजी, आकृती कॉम्प्युटरवर काढलेली, त्यामुळे आपल्या शिकलेल्या लोकांना वाटतं हे पत्रिकेपेक्षा वेगळं, काही तरी सायन्सचं असणार. तर ऐका. अ‍ॅलन रॉबर्ट क्राकोवर नावाचे एक कॅनडाचे गृहस्थ होते. १९८७ च्या जानेवारीत स्पेनच्या इबिझा बेटावर आपल्याला आठ दिवस एक "आवाज" ऐकू आला आणि त्यानं ही सगळी पद्धत सांगितली, असा त्यांचा दावा. पुढे त्यांनी रा उरू हू असं नाव घेतलं. पद्धत कशी, तर पाश्चात्त्य ज्योतिष, चीनचं ई-चिंग, ज्यूंची कब्बाला आणि आपली चक्रं अशी चार घरची भाजी एका पातेल्यात. ६४ आकडे ई-चिंगचे. आपली सात चक्रं घेऊन त्यांची नऊ केंद्रं केली. जन्मवेळेची ग्रहस्थिती आणि सूर्य त्याच्या ८८ अंश मागे असतानाची ग्रहस्थिती मांडली की चार्ट तयार. मग माणूस जनरेटर, मॅनिफेस्टर, प्रोजेक्टर किंवा रिफ्लेक्टर ठरतो.

सायन्सचा मुलामा द्यायला त्यात न्यूट्रिनो आणले आहेत. म्हणे जन्माच्या वेळी न्यूट्रिनो कण आपल्यावर ठसा उमटवतात. न्यूट्रिनोबद्दल शाळेतल्या पोरालाही एक गोष्ट सांगता येईल. सूर्याकडून येणारे हे कण दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून अब्जावधींनी आरपार जातात आणि कशाला धक्काही लावत नाहीत. अख्खी पृथ्वी पार करून पलीकडे निघून जाणारा कण नवजात बाळावर थांबून "हा प्रोजेक्टर" असा शिक्का मारतो, असं मानायचं!

आणखी एक साधी गोष्ट. या चार्टला जन्माचा क्षण लागतो, पण गाव कोणतं याचा फरक फक्त घड्याळाची वेळ जुळवण्यापुरता. म्हणजे एका क्षणी ब्रह्मपुरीच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेलं बाळ आणि त्याच क्षणी अमेरिकेत जन्मलेलं बाळ, दोघांचा चार्ट एकच. जगात दर मिनिटाला साधारण अडीचशे बाळं जन्मतात. त्या अडीचशेंचं डिझाईन एक. एकाच्या घरी बांधीत चिखल, एकाच्या घरी बंगला, एकाची आई अॅनिमियानं आजारी, एकाची डॉक्टर. यातलं काहीही चार्टला दिसत नाही. जे आयुष्य खरोखर घडवतं, नेमकं तेच दिसत नाही.

आता सचिनचं बघू

सचिनचा जन्म २४ एप्रिल १९७३, मुंबई. मूलांक काढा. २ आणि ४ मिळून ६. अंकशास्त्रवाले सांगतात, ६ हा शुक्राचा अंक, कला, सौंदर्य, ऐषाराम. यात क्रिकेट कुठे आलं? एका भल्या माणसानं मला समजावलं, "सर, सहा म्हणजे सिक्सर!" आता यावर काय बोलावं. सचिन शून्यावर बाद होणाऱ्यांत प्रसिद्ध असता तर यांनी सहाचं वर्तुळ दाखवून शून्यही काढला असता.

१९७३ साली भारताची लोकसंख्या साठ कोटींच्या जवळ होती आणि जन्मदर हजारी पस्तीसच्या वर. हिशेब करा. त्या एका दिवशी देशात पन्नास हजारांहून जास्त बाळं जन्मली. दिवसात बारा लग्नं फिरतात असं पत्रिकावाले म्हणतात. म्हणजे सचिनच्याच लग्नावर त्या दिवशी चार हजारांहून जास्त बाळं. बाकीचे चार हजार सचिन कुठे आहेत? त्यातला एखादा आपल्याकडे धान कापत असेल, एखादा एसटीत कंडक्टर असेल, एखादा पहिल्या वर्षीच गॅस्ट्रोनं गेला असेल. त्या काळात बालमृत्यू किती होते हे आपल्या गावच्या कुठल्याही आजीला विचारा.

सचिनची नेमकी जन्मवेळ म्हणून वेगवेगळ्या वेळा ज्योतिषांच्या पानांवर फिरतात. ज्याला जी वेळ सोयीची, ती तो घेतो. याला ते "जन्मवेळ शुद्धी" म्हणतात. म्हणजे माणसाच्या आयुष्यात काय घडलं ते आधी बघायचं, त्याला जुळेल अशी जन्मवेळ ठरवायची, त्या वेळेची पत्रिका मांडायची आणि मग सांगायचं, "बघा, पत्रिकेत सगळं लिहिलेलं होतं!" पेपर फुटल्यावर शंभर मार्क घेणाऱ्याला आपण हुशार म्हणतो का?

आता जे खरंच घडलं ते सांगतो. वडील रमेश तेंडुलकर कवी आणि मराठीचे प्राध्यापक, म्हणजे घरात क्रिकेटचा धंदा नव्हता. १९८४ साली मोठा भाऊ अजित या पोराला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेला. पहिल्या चाचणीत सर समोर उभे राहिल्यामुळे सचिन बिचकला, नीट खेळला नाही. तेव्हा अजितनं सरांना विनंती केली की तुम्ही जरा लांब, झाडामागे उभे राहून बघा. सरांनी ऐकलं. पोरगा मोकळा खेळला आणि निवडला गेला. मग शाळा बदलली. मैदान जवळ पडावं म्हणून तो काका-काकूंकडे राहिला. रोज तासन् तास सराव. थकल्यावर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करेल त्याचं नाणं, कुणीच बाद करू शकला नाही तर सचिनचं.

एका भावाची नजर, एका गुरूचा समजूतदारपणा, काका-काकूंचं घर, शिवाजी पार्कचं मैदान. यातला एक दुवा तुटला असता तर? हा प्रश्न विचार करायला लावतो. चार्टवाल्याला हा प्रश्नच पडत नाही.

त्याच मुंबईत फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची भागीदारी केली. त्या वेळी पुढच्या नंबरचा फलंदाज पॅड बांधून ताटकळत बसला होता. त्याचं नाव अमोल मुझुमदार. पुढे अमोलनं प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा केल्या, पदार्पणातच २६० ठोकल्या, पण भारताच्या संघात त्याला एकदाही जागा मिळाली नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक कोण होता? तोच पॅड बांधून बसलेला पोरगा.

सचिनचा मूलांक ६, कांबळीचा ९, मुझुमदारचा २. अंकशास्त्रात ९ मंगळाचा, लढवय्याचा. २ चंद्राचा, हळव्याचा. आता तिघांची आयुष्यं माहीत झाल्यावर तीन गोष्टी रचायला कुणालाही जमेल. १९८८ च्या त्या संध्याकाळी तिघांचं पुढे काय होईल हे लिहून कुणी पाकिटात बंद करून ठेवलं होतं का? असेल तर दाखवा.

आपल्या विदर्भातला माणूस घ्या

मुंबई लांब राहिली. उमेश यादव तर आपला. नागपूरजवळ खापरखेड्याचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूरच्या लोकांना खाण कामगाराचं घर म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. हा पोरगा टेनिस बॉलवर खेळायचा. सैन्यात जायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पोलीस शिपाई व्हायचं होतं, तिथंही हुकलं. वयाच्या विशीच्या आसपास हाती लेदर बॉल आला. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याची त्याच्यावर नजर पडली, त्यानं त्याला पुढे ढकललं. २००८ मध्ये रणजी, २०११ मध्ये कसोटी. विदर्भाकडून खेळत कसोटी संघात गेलेला तो पहिला खेळाडू. २०१५ च्या विश्वचषकात भारताकडून सगळ्यात जास्त, १८ बळी त्याचे.

जन्मतारीख २५ ऑक्टोबर. मूलांक ७. आता कुठल्याही अंकशास्त्राच्या पुस्तकात ७ बघा. अंतर्मुख, एकांतप्रिय, अध्यात्माकडे ओढा, संशोधक वृत्ती. हा वर्णन केलेला माणूस १४० च्या वेगानं बॉल टाकणारा आहे, हे कुणाला ओळखू येईल?

समजा २००७ साली, पोलीस भरतीत हुकलेल्या त्या पोराला असा कुणी भेटला असता आणि म्हणाला असता, "बेटा, तुझा अंक सातचा. मैदान तुझं नाही. तू शांत बसून करायचं काम बघ." आणि पोरानं ऐकलं असतं. आपल्याला कळलंही नसतं की विदर्भानं काय गमावलं. असे न झालेले उमेश यादव आपल्या जिल्ह्यात किती असतील, याची मोजणी कुठेच होत नाही.

तपासून बघितलंय का कुणी?

हो, बघितलंय. आणि आपल्याच महाराष्ट्रात. पुण्याला २००८ साली जयंत नारळीकर सर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी चाचणी घेतली. घाटपांडे स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले गृहस्थ, त्यामुळे पत्रिका चुकीच्या मांडल्या असं म्हणायला जागा नाही. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या, अशा २०० पत्रिका घेतल्या. ज्योतिषांना आवाहन केलं की प्रत्येकी ४० पत्रिका बघा आणि एवढंच सांगा, मूल हुशार की अक्षम. भविष्य नाही, लग्न नाही, नोकरी नाही. माणसाच्या आयुष्यातला एवढा मोठा फरक, तो तरी पत्रिकेत दिसावा.

नाणं उडवून सांगितलं तरी ४० पैकी २० बरोबर येतात. काही तरी दम आहे असं मानायला २८ तरी बरोबर यायला हवे होते. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात वरचा गुण २४. सगळ्यांची सरासरी नाणेफेकीपेक्षाही खाली. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांचे १०२ बरोबर.

नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. श्रद्धांजलीच्या पोस्ट आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरल्या. त्याच ग्रुपवर दुसऱ्या दिवशी राशिभविष्य. सरांना हात जोडायचे आणि सरांनी जे करून दाखवलं ते वाचायचं नाही, ही आपली रीत.

"पण सर, माझं वर्णन अगदी तंतोतंत जुळलं!"

जुळणारच. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला "तुझं खास वर्णन" म्हणून कागद दिला. विचारलं, पाचपैकी किती गुण? सरासरी ४.२६ आली. मग सांगितलं, कागद सगळ्यांना एकच दिलाय. त्यातली वाक्यं बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. तुम्हाला लोकांनी आवडून घ्यावं असं वाटतं, पण तुम्ही स्वतःवर टीकाही करता. कधी तुम्ही मोकळे असता, कधी गप्प. सांगा, हे कुणाला लागू पडत नाही?

फ्रान्समध्ये मिशेल गोकलाँनं याच्या पुढे जाऊन गंमत केली. फुकट भविष्य देण्याची जाहिरात दिली आणि आलेल्या सगळ्यांना एकच पत्रिका-वर्णन पाठवलं. बहुतेक सगळ्यांनी कळवलं की अगदी माझंच आहे, घरचेही म्हणाले तुझंच आहे. ती पत्रिका होती मार्सेल पेत्यो नावाच्या डॉक्टरची. दुसऱ्या महायुद्धात पळून जायला मदत करतो सांगून माणसं मारणारा, २६ खुनांत दोषी ठरलेला आणि १९४६ मध्ये फाशीच्या यंत्राखाली गेलेला माणूस. त्याच्या वर्णनात सज्जन लोकांना स्वतःचा चेहरा दिसला.

आणि आपल्याकडच्या जन्मतारखा!

आता खरी गंमत. आपल्या झाडीपट्टीत पन्नाशीच्या पुढच्या लोकांची जन्मतारीख विचारा. अर्ध्यांची १ जून नाहीतर १ जुलै. शाळेत नाव घालायला आजा घेऊन गेला, गुरुजींनी पोट्ट्याकडे बघितलं, डोक्यावरून हात कानाला लागतो का पाहिलं आणि तारीख टाकून दिली. आईला विचारलं तर ती सांगते, "रोवणा चालू होता बापा, पाणी मरणाचा होता." एखादी सांगते, पोळ्याच्या करीला. घड्याळ होतं कुणाकडे? एका गावात मी माझ्या ओळखीच्या एका काकांना विचारलं, त्यांचा चार्ट काढून झाला होता. "काका, जन्मवेळ कोणती सांगितली?" म्हणाले, "टीसीवरची तारीख देली, टाईम त्यानं सकाळचे दहा टाकला." म्हणजे तारीख गुरुजींच्या अंदाजाची, वेळ चार्टवाल्याच्या मर्जीची, आणि त्यावरून निघालेला आत्म्याचा नकाशा मात्र तंतोतंत खरा!

हसण्यावारी का नेत नाही

कारण मी संध्याकाळी पोरांना स्पर्धा परीक्षेचं शिकवतो. त्यातला एक पोरगा, नाव-गाव सांगणार नाही. बापाचं दीड एकर धान, तेही तलावाच्या पाण्याच्या भरवशावर. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे साडेचारला मैदानावर. १६०० मीटर, १०० मीटर, गोळा. मैदानाचे ५० आणि लेखीचे १०० गुण, सगळा हिशेब तोंडपाठ. मोजकं बोलणारा, पाय चांगले.

घरच्यांनी कुठून तरी त्याचा चार्ट काढून आणला. एकवीसशे रुपये. त्यात निघालं, पोरगा "प्रोजेक्टर" आहे. आणि ह्यूमन डिझाईन म्हणतं की प्रोजेक्टरनं स्वतःहून धावपळ करू नये, त्याच्यात ती ऊर्जा नसते, त्यानं बोलावणं येण्याची वाट बघावी. पोरगा मैदानावर यायचा बंद झाला. तीन आठवड्यांनी रस्त्यात दिसला. विचारलं, काऊन रे? म्हणाला, "सर, मेहनतीचं काम माझ्या डिझाईनमध्ये नाही म्हणते. उगाच लागलो होतो मी मागे."

मी विचारलं, मग बोलावणं कोण पाठवणार? गृहखातं? त्यानं मान खाली घातली.

ज्या पोराच्या घरी सात पिढ्यांत कुणी बोलावणं पाठवलं नाही, त्याला "बोलावण्याची वाट बघ" असं सांगायचं. ज्याची आई कमरेत वाकून दिवसभर पऱ्हे लावते, त्या घरात "तुमच्या पोरात कष्टाची ऊर्जा नाही" असं सांगायचं. आणि त्याचे एकवीसशे घ्यायचे. भरतीची वयाची अट कुणाच्या चार्टसाठी थांबत नाही.

मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्या माणसानं हा चार्ट काढला तर त्याचं फार बिघडत नाही. "मी प्रोजेक्टर, आठवड्यात चारच दिवस काम करतो" असं तो म्हणू शकतो, कारण बँकेत पैसे आहेत. आपल्या पोराकडे फक्त पाय, डोकं आणि थोडी वर्षं आहेत. त्याला चुकीचा शिक्का परवडत नाही.

शिक्का मारण्याचा अधिकार

आपल्या भागाला हे जास्त कळायला हवं. कुणी तरी "जाणता" येतो, न दिसणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसतात म्हणतो आणि जिवंत माणसावर नाव चिकटवतो. गाव ते मानतं. याचं टोक आपण बघितलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना बांधून मारलं. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यात बारसेवाड्याला एक बाई आणि एक माणूस, दोघांना जाळून मारलं. चार्ट काढणारा आणि तो जमाव एकच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं अन्याय होईल. पण "पुरावा विचारायचा नाही, जाणत्यानं सांगितलं म्हणजे खरं" ही सवय दोन्हीकडे सारखी. रंगीत रील बघून ती सवय लागली तर गावातल्या अंधारात ती आपोआप सुटणार नाही.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला तो डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर. त्यात ज्योतिष, अंकशास्त्र, चार्ट हे गुन्हे नाहीत. त्यामुळे पोलिसांकडे जाऊन काही होणार नाही, आणि मला तसं करायचंही नाही. उलट २०२१ पासून इग्नूसारखं सरकारी मुक्त विद्यापीठ ज्योतिषात एम.ए. देतं. म्हणजे राखण आपली आपल्यालाच करायची आहे.

नेहमीची उत्तरं

"आम्ही भविष्य सांगत नाही, स्वतःला ओळखायला मदत करतो." ठीक. मग एक करा. शेजाऱ्याचा चार्ट त्याचं नाव काढून मला द्या आणि सांगा हा तुमचा. मी तेवढंच ओळखेन. कुणाच्याही चार्टनं काम भागत असेल तर एकवीसशे कशाचे?

"मनाला आधार मिळतो." आधार लागतो, खरंच लागतो. पीक गेलं, पोरगं नापास झालं, वाघाच्या भीतीनं शेतावर जाता येत नाही, तेव्हा माणसाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. त्याच्याशी बोला. शिक्षकाशी, मित्राशी, डॉक्टरशी, कीर्तनकाराशीही. आधार देणारा माणूस तुमचं पुढचं पाऊल अडवत नाही.

"विज्ञानाला सगळं कळतं का?" नाही कळत. म्हणून तर ते तपासून बघतं आणि चुकलं तर सोडून देतं. चार्ट चुकला तर काय म्हणतात? जन्मवेळ चुकली.

"तुमचा देवाधर्माला विरोध आहे." राष्ट्रसंत तुकडोजी महाराज काय देवाच्या विरोधात होते? खंजिरी घेऊन आपल्या चिमूरला आले, ४२ ला लोक पेटवले, आणि आयुष्यभर बुवाबाजीवर कोरडे ओढत राहिले. भक्ती आणि डोकं दोन्ही शाबूत ठेवता येतं, हे त्यांनी आपल्याच मुलखात दाखवलं.

वरोऱ्याची आठवण

इथून वरोरा किती लांब? बाबा आमटे सुखवस्तू जमीनदाराच्या घरचे, वकील. वरोऱ्यात भर पावसात गटाराकडेला कुष्ठरोगानं सडलेला तुळशीराम त्यांना दिसला आणि ते घाबरून पळाले. बाबांनीच हे सांगितलं आहे. मग त्या भीतीची त्यांना लाज वाटली. ते परत गेले, त्याची सेवा केली आणि पुढे आनंदवन उभं राहिलं. पळणारे पाय आणि परत फिरलेले पाय एकाच माणसाचे, चार्टही एकच. फरक पडला तो त्यांनी ठरवल्यामुळे. हे ठरवणं ज्या चार्टमध्ये बसत नाही, त्यानं कुठल्याही मोठ्या माणसाचं आयुष्य आपल्याला समजावून सांगू नये.

तर आता

चार्टवाल्यांना जाहीर बोलावणं. दहा माणसं ब्रह्मपुरीतलीच आणतो, जन्माच्या दाखल्यावर खरी वेळ असलेली. दहा चार्ट तुम्ही काढा, त्यावर नावं नाहीत. दहा जणांची खरी माहिती मी लिहून देतो, धंदा, स्वभाव, आयुष्यातल्या मोठ्या घटना. जोड्या लावा. दहापैकी सात लागल्या तर याच पानावर तुमची जाहिरात मी फुकट करीन. चहा-पोहे माझ्याकडून.

आईबापांना हात जोडून सांगतो. चार्टचे एकवीसशे वाचवा. त्यात पोराला धावायचे चांगले बूट येतील, नाहीतर वर्षभराची पुस्तकं. पोर काय करू शकतं हे बघायचं असेल तर त्याला सहा महिने करू द्या आणि रोज थोडं बघा. अजितनं तेच केलं होतं. प्रीतम गंधेनं तेच केलं होतं.

शिक्षक मित्रांनो, शाळा-कॉलेजात करिअर मार्गदर्शनाच्या नावाखाली असले कार्यक्रम कुणी ठेवत असेल तर उभे राहून एक प्रश्न विचारा, "हे तपासलं कुणी?" एवढंच. भांडण नको.

आणि त्या पोराला, जो ही पोस्ट वाचतो आहे हे मला माहीत आहे. बाबू, मैदान पहाटे साडेचारला उघडंच असते. हेच बोलावणं समज.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंट करा, पण मुद्द्यावर. माझा मूलांक विचारू नका.